बामणोलीपलीकडची पाणंद आणि उंच केलेली थार

हे प्रकरण २०१६ सालच्या एका महिंद्रा थार सीआरडीईचं, म्हणजे डिझेल इंजिनाच्या फोर व्हील ड्राइव्ह थारचं आहे. गाडी एमएच ११ पासिंगची, दुसऱ्या मालकाच्या हातात आलेली. मालक साताऱ्यात शाळेत शिकवतात, म्हणून पुढे त्यांना सरच म्हणतो. त्यांची आई बामणोलीच्या पुढे, शिवसागर जलाशयाच्या वरच्या अंगाला एका वाडीत राहते. वय सत्तरीच्या पुढचं, गुडघे दुखतात, पण दोन म्हशी आणि नाचणीचं रान सोडून शहरात यायला ती तयार नाही. त्यामुळे सरांना ऐन पावसाळ्यातही आठ-पंधरा दिवसांनी तिकडे जावं लागतं. औषधं, पेंड, किराणा घेऊन जायचं आणि गरज पडली तर आईला दवाखान्यासाठी खाली आणायचं. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासमार्गे बामणोलीपर्यंत डांबरी रस्ता आहे. खरी परीक्षा त्यापुढची शेवटची तीनेक किलोमीटर पाणंद घेते. लाल माती, मधेमधे उघडा जांभा, एक ओढा आणि वाडीच्या तोंडाशी एक उभा चढ.

या पाणंदीसाठीच सरांनी थार घेतली. आधीच्या मालकाने तिच्यावर हात सैल सोडून खर्च केला होता. मूळचे २३५/७० आर १६ टायर काढून २६५/७५ आर १६ मापाचे, खोल खाचांचे मड टायर घातलेले. ते चाकाच्या कमानीत बसावेत म्हणून पुढचे टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणाऱ्या पोलादी सळ्या) पिळून गाडी नाकातून वर घेतलेली. मागे पाट्यांच्या जुडीत प्रत्येक बाजूला एक जादा पाटा आणि लांब शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चासीला टांगणारी कडी. पुढे पोलादी बंपर, त्यावर गाडी दोराने ओढून काढणारी इलेक्ट्रिक विंच, बॉनेटच्या कडेने वर गेलेला, इंजिनाला उंचावरून हवा देणारा स्नॉर्केल आणि टपावर एलईडीची लांब पट्टी. गाडी उभी असली तरी लोक थांबून बघायचे.

तीच गाडी पहिल्या पावसाळ्यात त्या पाणंदीवर अडकायला लागली. अडकली की तिला टोचन करून काढायला शेजारच्या वस्तीतली जुनी एमएम ५४० जीप यायची. त्या जीपमध्ये काहीही बदललेलं नव्हतं. अरुंद टायर, वयाने मऊ झालेले पाटे, रंग उडालेली बॉडी, आणि तरीही ती त्याच वाटेने रोज ये-जा करत होती. एवढा खर्च झालेली गाडी जिथे थांबते तिथून ती जीप कशी जाते, हे शोधण्यासाठी हे प्रकरण मी लिहून ठेवलं.

सर गाडी घेऊन आमच्या गॅरेजात आले तेव्हा त्यांचं मत पक्कं होतं. "भाऊ, खालून घासतेय. अजून दोन इंच वर घेऊ या का?" आमचे मिस्त्री काका गाडीखाली वाकून बघत होते. तिथूनच म्हणाले, "सर, आदी कुटं घासतीय ते तरी बघू या की. न बघता कशापायी उचलायची?"

तेच केलं. गाडीला पाना लावण्याआधी पाणंद बघून आलो. माझ्या मते या कामातला सगळ्यात मोलाचा भाग हाच. गाडीत बदल करायचे तर ती कोणत्या जागी, कोणत्या भागावर, कोणत्या कारणाने अडते हे डोळ्यांनी पाहायला हवं.

गाडी कुठे आणि का अडत होती

पहिली जागा ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांची. ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकांनी आणि त्यातून वाहणाऱ्या पाण्याने चाकोऱ्या खोल झालेल्या, मधे मातीचा उंचवटा. थारची चाकं चाकोरीत उतरली की मागच्या अॅक्सलचं डिफ्रन्शियल हाऊसिंग (दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरांचा अॅक्सलच्या मधला फुगीर डबा) त्या उंचवट्यावर टेकायचं. उंचवट्याच्या माथ्यावर हाऊसिंगने ओढलेली ताजी रेघ स्पष्ट दिसत होती. चासी, गिअरबॉक्स, पेट्रोल पंपावर लोकांना दिसणारी ती सगळी उंची, यातलं काहीच घासत नव्हतं.

थारचा मागचा अॅक्सल अखंड आहे. त्याचं हाऊसिंग दोन्ही चाकांच्या मध्याशी जोडलेलं असतं. पाटे घाला, शॅकल लांब करा, बॉडी आणि चासी वर जाईल, पण हाऊसिंग जिथे आहे तिथेच राहणार. ते वर उचलण्याचा व्यवहारातला एकच मार्ग म्हणजे टायरचा व्यास वाढवणं, आणि त्यातूनही व्यासाच्या वाढीच्या निम्मीच उंची मिळते. २३५/७० आर १६ चा व्यास ७३५ मिलिमीटर आणि २६५/७५ आर १६ चा ८०४ मिलिमीटर धरला, तर फरक ६९ आणि हाऊसिंगला मिळालेली जागा साधारण ३४ मिलिमीटर. मागे केलेल्या बाकीच्या सगळ्या खटाटोपातून या जागेसाठी मिळालेली उंची शून्य. सरांनी मागितलेले आणखी दोन इंचही इथे शून्यच ठरले असते.

दुसरी जागा एका वळणाची. तिथे ओहोळाने वाट तिरकी कापली होती. गाडी तिरकी उतरली की पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकाच वेळी हवेत राहायचं आणि तीच दोन चाकं गरागरा फिरायची. कारण आधी केलेल्या उंचीतच होतं. थार सीआरडीईच्या पुढच्या बाजूला स्वतंत्र सस्पेन्शन आहे, टॉर्शन बारचं. बार पिळून नाक वर घेतलं की सस्पेन्शनचा हात आधीच खालच्या टोकाजवळ येऊन थांबतो. मग खड्डा आला की चाकाला आणखी खाली उतरायला जागाच राहत नाही. मागे जादा पाट्यांनी कमानी इतक्या ताठ केल्या होत्या की रिकाम्या गाडीच्या वजनाला त्या दबतच नव्हत्या. चाक जमिनीवर असेल तरच ओढ मिळते, आणि इथे दोन्ही बदलांनी चाकं जमिनीपासून तोडली होती. जुन्या जीपचे मऊ पाटे याच वळणावर खाली-वर होऊन चारही चाकं जमिनीला धरून ठेवत होते.

तिसरी जागा वाडीच्या तोंडाशीचा चढ. खाली जांभा, त्यावर शेवाळ, वर बोटभर चिखल आणि सुटे गोटे. अशा ठिकाणी रुंद टायर चिखलावरच तरंगतो, तर अरुंद टायर तो पातळ थर कापून खालच्या टणक जांभ्यापर्यंत पोचतो. शिवाय मड टायरचे मोठे, टणक ठोकळे ओल्या कातळावर धरत नाहीत. त्यांचं काम खोल चिखलात आहे, आणि या वाटेवर खोल चिखल फारच थोडा आहे.

मोठ्या टायरचं डांबरी रस्त्यावरचं ओझं

या गाडीचं इंजिन २४९८ सीसीचं, १०५ अश्वशक्तीचं, २४७ न्यूटन मीटर टॉर्कचं. त्या टॉर्कला धरूनच कंपनीने गिअर आणि क्राऊन-पिनियन (डिफ्रन्शियलमधले मुख्य गिअर) ठरवलेले असतात. टायरचा व्यास सव्वानऊ टक्क्यांनी वाढला की प्रत्येक गिअर तेवढाच लांब होतो आणि जमिनीवर पोचणारा जोर साडेआठ टक्क्यांनी घटतो. जड टायर फिरवायला लागणारी ताकद वेगळीच. यवतेश्वरच्या घाटात सर दुसऱ्या गिअरऐवजी पहिला टाकत होते, आणि पाणंदीच्या चढावर क्लच अर्धा दाबून गाडी रेटत होते. क्लच प्लेट काढली तेव्हा ती जळून निळसर पडली होती. स्पीडोमीटरचं गणितही चुकलेलं, काटा ६० वर असताना गाडी प्रत्यक्षात ६५ च्या वर धावत होती.

ब्रेकचं मात्र मला खरोखर भय वाटलं. ब्रेक तेच, पण मोठ्या चाकामुळे जमिनीवर मिळणारा रोधक जोर तेवढाच कमी. या मॉडेलला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, नाही. त्यात पुढे बंपर आणि विंच मिळून शंभर किलोच्या घरातलं वजन, तेही पुढच्या अॅक्सलच्याही पुढे टांगलेलं. आईला घेऊन सर हाच घाट धुक्यात उतरत होते. गाडी मातीत अडकली तर चिखलाने हात भरतील आणि उशीर होईल, पण घाटात ती वेळेवर थांबली नाही तर पुढे दरी आहे. मजबूत दिसणाऱ्या गाडीत बसल्यावर माणसाला सुरक्षित वाटतं, म्हणून ब्रेकचा हा विषय गाडी घेणाऱ्या प्रत्येकासमोर मी आधी काढतो.

टॉर्शन बार पिळल्यामुळे पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा कोनही वाढला होता. उजव्या बाजूचा, त्या शाफ्टच्या सांध्यावरचा (सीव्ही जॉइंटचा) रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर आलं होतं आणि आत लाल माती शिरली होती. मागे लांब शॅकलमुळे पिनियनचा कोन बदलला होता, त्यामुळे ठरावीक वेगाला गिअरबॉक्सकडून मागच्या अॅक्सलकडे जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टमधून थरथर यायची. टायर शॉपमध्ये चाकं बॅलन्स करून करून सर थकले होते, पण दोष टायरचा नव्हताच.

ओढ्याने एक वेगळीच गोष्ट उघड केली. स्नॉर्केल लावल्यामुळे सर निर्धास्त होऊन गुडघाभर पाण्यातून जात. स्नॉर्केल इंजिनात पाणी शिरू देत नाही, त्याचा उपयोग तेवढाच. पण डिफ्रन्शियल हाऊसिंग डांबरी रस्त्यावर तापलेलं असतं. ते एकदम थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर (हाऊसिंगचं हवा ये-जा करायचं छिद्र) पाण्याखाली असेल तर त्यातून किंवा ऑइल सीलमधून पाणी आत ओढलं जातं. मागचं ऑइल उघडलं तेव्हा ते दुधाळ झालं होतं. आणखी एक पावसाळा असाच गेला असता तर बेअरिंग आणि क्राऊन-पिनियन दोन्ही बदलावे लागले असते. वाहत्या पाण्याबद्दल तर सरांना हात जोडून सांगितलं. दोन फूट वाहतं पाणी बहुतेक गाड्या वाहून नेतं, मग त्यांच्यावर काहीही लावलेलं असो.

काय काढलं, काय बसवलं

बंपर, विंच, एलईडी पट्टी आणि मोठे टायर विकले. आलेल्या पैशात नवे टायर आणि क्लच सेट बसला. टायर मूळ मापाचेच, २३५/७० आर १६, पण ऑल टेरेन जातीचे. सरांचा बहुतेक प्रवास ओल्या डांबरावरून होतो आणि कच्चा रस्ता शेवटची तीनेक किलोमीटर. या टायरवर बारीक चिरा भरपूर असतात, ओल्या रस्त्यावर आणि शेवाळलेल्या जांभ्यावर त्या धरतात. चिकट लाल मातीत मड टायर स्वतःला जास्त लवकर साफ करतो हे खरं आहे, आणि हाऊसिंगचे ३४ मिलिमीटरही गेले. ते दोन्ही समजून-उमजून सोडलं.

टॉर्शन बार कंपनीच्या उंचीवर आणले, दोन्ही सीव्ही बूट बदलले, जॉइंट धुऊन नवं ग्रीस भरलं आणि मग अलाइनमेंट केलं. मागचे जादा पाटे काढले, शॅकल मूळ लांबीचे घातले, पाटे सुटे करून गंज घासून ग्रीस लावून पुन्हा बांधले. गेलेले शॉक अॅब्सॉर्बर नवे. दोन्ही अॅक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) यांचे ब्रीदर रबरी नळ्यांनी वाढवून इंजिनखान्यात उंचावर नेले. नळी आणि क्लिपा एवढाच खर्च आला, पण माझ्या दृष्टीने सगळ्या यादीत सर्वांत किफायतशीर काम हेच.

विंच काढण्यावर सर अडले होते. "अडकलो तर बाहेर कसं निघायचं?" प्रश्न रास्त होता. पण ती विंच थेट बॅटरीला जोडलेली, मधे तोडस्विच नाही. पूर्ण भाराखाली अशी विंच शेकडो अँपिअर खेचते, आणि बॅटरी जुनी होती. तिच्याऐवजी चासीला बोल्टने बांधलेले पुढचे दोन ओढहूक, हाताने ओढायची पुलर, झाडाला इजा होऊ नये म्हणून रुंद पट्टा, फावडं आणि चाकाखाली घालायच्या दोन फळ्या गाडीत ठेवल्या. ओढताना दोरावर ओलं पोतं टाकायचं आणि दोराच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही, हे सरांबरोबर वाडीतल्या पोरांनाही शिकवलं. टोचनाचा दोर तुटून झालेले अपघात मी पाहिले आहेत.

धुक्यासाठी टपावरच्या पांढऱ्या पट्टीचा उपयोग नव्हता, उलट कासच्या धुक्यात तो उजेड परत डोळ्यांवर यायचा. खाली, बंपरच्या पातळीला पिवळे फॉग लॅम्प लावले.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी आरसी बुकातली नोंद जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ मध्ये बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पुढच्या क्रॅश गार्डवर, म्हणजे अशा जादा पोलादी बंपरवर, केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच बोट ठेवलं होतं. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर दावा अडवू शकतो. आई शेजारच्या सीटवर बसणार असेल, तर हा धोका घेऊ नये.

गाडी चालवणाऱ्याचं काम

या थारला मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफ्रन्शियल आहे. २०१५ च्या बदलांपासून सीआरडीईवर ते मिळू लागलं. सरांना ते आहे हे माहीत होतं, पण त्याचा उपयोग कधी झाला नव्हता. मागच्या दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण शंभर फेऱ्यांचा फरक पडला की ते आपोआप लॉक होतं आणि दोन्ही चाकं एकत्र ओढू लागतात. म्हणजे एक चाक थोडं घसरू द्यावं लागतं. सर नेमक्या त्याच क्षणी घाबरून पाय उचलायचे, फरक मिटायचा, लॉक लागायचंच नाही. फोर लो (चारही चाकांना हळू पण जास्त जोर देणारी रेंज), पहिला गिअर, अॅक्सिलरेटर स्थिर, चाक घसरलं तरी पाय हलवायचा नाही, एवढंच त्या चढावर शिकवलं. क्लचवरचा पाय पूर्ण बाजूला. लॉक लागल्याचा हलका धक्का त्यांना जाणवला तेव्हा ते मोठ्याने म्हणाले, "लागलं, लागलं!"

डांबर संपलं की टायरची हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत खाली आणायची, परतताना बारा व्होल्टच्या छोट्या पंपाने पुन्हा भरायची. हवा कमी केली की टायर पसरतो, गोट्याला लपेटून घेतो, पकड वाढते. फुकटातला हा बदल बाकी सगळ्यांआधी करून पाहायला हवा. कमी हवेत वेग मात्र वाढवायचा नाही, आणि डांबरावर तसंच जायचं नाही.

चाकोऱ्यांचं उत्तर जुन्या जीपच्या चालकाकडे होतं. तो चाकोरीत उतरतच नव्हता. एक चाक मधल्या उंचवट्यावर, दुसरं वाटेच्या काठावर, आणि चाकोरी गाडीच्या पोटाखाली. थोडा सराव लागतो, आणि ओल्या उंचवट्यावरून चाक खाली घसरतंही. पण हाऊसिंगसाठी याहून मोठी जागा कोणत्याही टायरने मिळाली नसती.

मिस्त्री काकांचं म्हणणं त्याही पुढचं. "वाट पाण्यानं खाल्लीया. पाणी काडा, वाट ऱ्हाईल." ते खरं होतं. चढावरचं सगळं पाणी चाकोऱ्यांतून खाली येत होतं आणि दर पावसात त्या खोल करत होतं. वाडीतल्या लोकांनी एका रविवारी श्रमदान केलं. चढावर ठिकठिकाणी वाटेला तिरके चर काढून पाणी बाजूच्या ओघळीत सोडलं, आणि सर्वांत खोल चाकोऱ्या जांभ्याच्या चिऱ्यांच्या तुकड्यांनी भरल्या. त्याने गाडीचा प्रश्न किती सुटला आणि पाट्यांनी किती, हे वेगळं करून सांगता येत नाही. माझा कल चरांकडे जास्त आहे.

एक गोष्ट या प्रकरणाच्या कडेची, पण सांगायलाच हवी. आधीच्या मालकाने ही गाडी कासच्या आसपासच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, फिरवल्याचे फोटो अभिमानाने दाखवले होते. सड्यावरची माती काही ठिकाणी बोटभर जाडीची आहे. तिच्यातच कंदीलपुष्प, दवबिंदू, सीतेची आसवं, तेरडा यांचं आयुष्य चालतं. जड चाकांनी एकदा ती उखडली की ती परत जमायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारसा मिळाला त्यात कासही आहे. चार चाकं ओढतात म्हणून सड्यावर जायचं, हे मला सहनच होत नाही. चिखलात गाडी घालायची हौस असेल तर आपलं रान आहे, ओळखीच्यांची पाणंद आहे, तिथे घालावी.

पावसाळ्यानंतर

दिवाळीत गाडी परत तपासली. दोन्ही डिफ्रन्शियलचं ऑइल स्वच्छ, बूट शाबूत, क्लच उत्तम. त्या पावसाळ्यात जीपला टोचनासाठी बोलवायची वेळ आली नव्हती. सप्टेंबरात एकदा चढावर सुट्या गोट्यांत गाडी थांबली, तेव्हा पुलर वापरून सर आणि वाडीतला एक पोरगा यांनी ती वर घेतली. अर्धा तास गेला. मागच्या पाट्यांचे बुश आता वाजू लागले आहेत, ते उन्हाळ्यात बदलायचे ठरले आहे.

सर आता २४५/७५ आर १६ विषयी विचारतात. व्यास ७७४ मिलिमीटर, म्हणजे हाऊसिंगला आणखी १९ मिलिमीटर, आणि उंची न वाढवता ते बसतील असं त्यांनी कुठेतरी वाचलंय. मी सध्या नाही म्हटलं आहे. गिअर पुन्हा पाच टक्क्यांनी लांब होतील, घाटातला ब्रेक पुन्हा तेवढा कमी होईल, आणि विम्याचा प्रश्न उरेलच. त्याआधी चढावरचे चर यंदाच्या पावसात किती टिकले ते बघायचं आहे. ते बुजले असतील तर मे महिन्यात फावडी घेऊन पुन्हा जायचं ठरलंय.